सांडू मिस्त्रींचा पाटा

गाडी घेऊन कुणीही दारात आलं तरी सांडू मिस्त्री आधी गाडीकडे बघतच नसत. हातातला पाना खाली ठेवायचा, डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधायचा आणि विचारायचं, "रस्ता सांग." गिऱ्हाईक म्हणे, मिस्त्री, मागनं आवाज येतोय, जरा वाकून तर बघा. मिस्त्री वाकत नसत. "आवाज ऱ्हाऊ दे. रोज कुठनं कुठं जातो ते सांग. खडी किती, चढ किती, जाताना भरलेला असतो का येताना?" नवा माणूस वैतागायचा. कमानीचं काम करायला आलोय का सोयरीक जुळवायला, असं एकजण माझ्यादेखत बोलून गेला होता. मिस्त्री त्याला शांतपणे म्हणाले, "सोयरीकच हाय. गाडीची अन् रस्त्याची. मी मधला माणूस."

औरंगाबादेत मोंढ्याच्या मागच्या अंगाला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. एक भट्टी, एक ऐरण, जळक्या तेलाचं अर्धं कापलेलं पिंप आणि भिंतीला टेकवून ठेवलेले लॉरीचे जुने पाटे. गाडीच्या चाकावर लोखंडी कमान असते, एकावर एक रचलेल्या वाकड्या पट्ट्यांची. त्या पट्ट्यांना पाटे म्हणतात. सगळ्या गाडीचं ओझं त्यांच्यावर असतं. मिस्त्रींनी जन्मभर तेवढंच काम केलं, इंजिनाला कधी हात लावला नाही. घण मारायला करीमभाई होते. छावणीत राहायचे, वयाने मिस्त्रींपेक्षा मोठे आणि बोलायला दुप्पट. ताटकळलेल्या गिऱ्हाइकाची समजूत घालायचं काम त्यांच्याकडेच असे. "बैठो मियाँ," ते म्हणत, "मिस्त्री पैले रस्ता पूछते, फिर पाना पकडते."

आमची त्यांची गाठ पडली ती तात्यांमुळे. तात्या म्हणजे माझे वडील. आम्ही धनगर. शेंद्र्याच्या पुढे, आत, एका ओढ्याच्या काठी आमची चार घरांची वस्ती. चिकलठाण्याला कारखाने उभे राहायला लागले, चराईचं रान तारांच्या कुंपणात गेलं आणि मेंढरं न्यायची कुठं हाच रोजचा प्रश्न होऊन बसला. तात्यांनी एक दिवस सगळी मेंढरं विकून काढली आणि सरकारी लिलावातून एक जुनी पिकप घरी आणली. आई दोन दिवस जेवली नाही. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, गाडी चालवायला शिकलो होतो आणि मनातून खूश होतो.

धंदा दुधाचा. ओढ्याच्या पलीकडे गाव होतं, तिथलं दूध सकाळी गोळा करायचं आणि ओढा उतरून औरंगाबादला न्यायचं. ओढ्यावर पूल नव्हता. गावाला हमरस्त्याकडून दुसरी वाट होती, पण ती फार लांबून फिरून येई. ओढ्यात गोटे असे की भरलेली गाडी पोटावर घासायची, आणि पाऊस लागला की दोन-दोन दिवस दूध तिकडेच नासायचं. तात्यांनी ठरवलं, गाडी उंच करून घ्यायची. कुणीतरी सांडू मिस्त्रींचं नाव सांगितलं.

"हातभर उचला," तात्या शेडात शिरताच म्हणाले. "पाण्याच्या वरनं गेली पायजे."

"हातभर उचलली तर पाण्याच्या वरनं जाईल, पर पयल्याच वळणाला कुशीवर झोपंल," मिस्त्री म्हणाले. "उंची फुकट मिळत नाय, तात्या. जेवढी वर घ्याल तेवढी ती डुलणार. मागं माणसं बसत्यात का?"

"बसत्यात. कंपनीत जाणारी पोरं असत्यात चार-सहा."

"मग तर दमानं घ्या."

त्यांनी आम्हाला माठातलं पाणी दिलं, चहा मागवला आणि जमिनीवर उकिडवं बसून खडूने चित्र काढून तीन प्रकार समजावून सांगितले. एक, पाटे आणि चाकाचा आस यांच्यामध्ये ठोकळा घालायचा. अर्ध्या दिवसाचं काम. खेड्यातले लोक तर बाभळीच्या लाकडाचा ठोकळा घालतात आणि खुशाल हिंडतात. दुसरा, कमानीच्या टोकाची कडी लांब करायची. त्याने गाडी उचलते, पण स्टेअरिंग सैल पडतं. तिसरा, सगळे पाटे खोलून, तापवून, ठोकून त्यांना जास्त बाक द्यायचा आणि वर लॉरीचा एक पाटा जादा बसवायचा. त्याला सहा दिवस लागतील, आणि गाडी रिकामी असली की हाडं खिळखिळी करील.

"ठोकळ्याला काय होतंय?" तात्यांनी विचारलं. घाईचा माणूस.

"ठोकळ्याला काय होत नाय. भर पाण्यात ब्रेक मारला की तो निसटतो, मग तुम्हाला होतं," मिस्त्री म्हणाले. "रस्ता सांगा."

तात्या सांगायला लागले, शेंद्र्याच्या पुढं, मोठ्या चिंचेपासून डावीकडं. मिस्त्रींनी मधेच मान हलवली. पुढचं तेच बोलले. "मग ओढा. उजव्या हाताला काळा खडक, डाव्या हाताला गाळ. खडकाच्या कडंनं उतरायचं. चढताना घायपाताची रांग." तात्या बघतच राहिले. तुला कसं ठावं, म्हणाले.

"मी गयाबाईचा सांडू."

गयाबाई ओढ्याच्या पलीकडल्या काठावर राहायची. गावाच्या उताराला, दलित वस्तीत, अगदी शेवटचं घर. आमच्या पिढीजात चालीप्रमाणे आम्ही त्या वस्तीत पाणी पीत नव्हतो. आणि तात्या आत्ताच सांडूच्या माठातलं पाणी पिऊन बसले होते, हातात त्याचा चहा होता. मी तात्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मिस्त्री त्यांच्याकडे बघत नव्हते, मुद्दाम खडूची रेघ गिरवत बसले होते. तात्यांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला आणि सगळा संपवला. "मिस्त्री," ते म्हणाले, "सहा दिवस तर सहा दिवस." गावात मिस्त्रींना सगळे सांड्या म्हणायचे. तात्यांनीही लहानपणी म्हटलंच असणार.

कामाला हात लावायच्या आधी मिस्त्री रस्ता स्वतः बघायला आले. दुधाच्या कॅनमध्ये पाणी भरायला लावलं आणि मागे, कॅनच्या मधे, पाय पसरून बसले. "गाडी रिकामी कशी चालती ते कुणीबी सांगंल. भरल्यावर काय करती ते बघायचं." ओढ्यात उतरल्यावर गाडी थांबवायला सांगितली. दिवस उन्हाळ्याचे, पाणी घोट्याएवढं. पलीकडून गयाबाई लगबगीने खाली आली. लेकाने कितीदा सांगितलं होतं, शहरात चल म्हणून, पण ती शेळी आणि घर सोडायला तयार नव्हती.

"माय, भर पावसाळ्यात तू उतरतीस तव्हा पाणी कुठवर येतं?" मिस्त्रींनी विचारलं.

म्हातारी लुगडं सावरून धारेच्या मधोमध उभी राहिली आणि कमरेच्या हाडावर तळवा ठेवला. "हितवर. त्याच्या वर असलं तर म्या उतरत नाय बाबा."

मिस्त्रींनी तिला तशीच हात ठेवून गाडीच्या चाकाला खेटून उभी केली, तिच्या तळव्यापाशी गाडीच्या अंगावर खडूची रेघ मारली आणि खाली वाकून गाडी त्या रेघेला किती कमी पडते ते बोटांनी मोजलं. पाच बोटं. तेवढीच गाडी उचलायची ठरली. "मायच्या मापाची करतो," ते तात्यांना म्हणाले. "ती जिथवर उतरती तिथवर गाडी जाईल. त्याच्या वर पाणी असलं तर गाडीनंबी शहाणपणानं काठाला थांबावं." मला गंमत वाटली. नंतर कळलं की त्या मापात नुसती गंमत नव्हती. ओढा भरला की त्यांची आई जगापासून तुटायची, आणि मुलगा शहरात बसून आभाळाकडे बघायचा. आमची गाडी म्हणजे त्यांना तिच्यापर्यंतची वाट वाटत होती. मला त्यांनी ते तोंडाने सांगितलंही. "नाथा, तू रोज तिच्या दारावरनं जातोस. तिच्यावर नजर ठिव. जिम्मा तुझा." मी हो म्हणालो. विशीत माणूस कशालाही हो म्हणतो.

जादा पाटा निवडायला त्यांनी एक अख्खी सकाळ घालवली. भिंतीचा एकेक पाटा तारेला टांगायचा आणि हातोडीने हलकेच मारायचा. धड पाटा घणघणायचा, आवाज कितीतरी वेळ शेडात फिरत राहायचा. केसाएवढी चीर असली तरी भद्द वाजायचा. दहा-बारा पाटे त्यांनी बाजूला टाकले. मग एक घणघणला तेव्हा डोळे मिटून ऐकत राहिले. "हा खरं बोलतो," म्हणाले. तो तापवला, करीमभाईंनी घण घातला, तेलात बुडवला तेव्हा शेडभर धूर झाला. गाडीखालून बाहेर आल्यावर करीमभाईंनी मला दम भरला, "अब ये पाटा टूट्या तो समझ लेना मिस्त्री झूटा आदमी है." त्या शेडात बसवलेला पाटा तुटून परत आलाय असं कधी झालं नव्हतं. करीमभाई ते दर गिऱ्हाइकाला सांगत, आणि मिस्त्री लाजून भट्टीत कोळसे सारत.

पुढचे काही पावसाळे गाडी ओढ्यातून रोज गेली. पाण्यात शिरायच्या आधी इंजिनाच्या पंख्याचा पट्टा काढायचा, म्हणजे पाणी उडून इंजिन बंद पडत नाही, हे मला मिस्त्रींनी शिकवलं. गयाबाई माझ्यासाठी काठावर उभी असायची. फडक्यात बांधलेली भाकरी, ठेचा, कधी तुरीच्या शेंगा लेकासाठी द्यायची, आणि मी ते गाठोडं शेडात पोचवायचो. सुरुवातीला नुसतं पोचवायचो, मग तिथेच बसून मिस्त्रींबरोबर खायलाही लागलो. घरी सांगितलं नाही. तात्यांना कळलं असावं, कारण ते एकदा म्हणाले, गयाबाईच्या ठेच्यात लसूण जास्त असतो म्हणे.

मग विद्यापीठाच्या नामांतराचं सुरू झालं. शहरात सभा, मोर्चे. मिस्त्री भाषणातले नव्हते, पण एक दिवस शेड बंद ठेवून मोर्चाला गेले आणि दुसऱ्या दिवशी कामाला आले तेव्हा आवाज बसलेला होता. मी अडाण्यासारखं विचारलं, नाव बदलून काय होतंय मिस्त्री? त्यांनी रागावायला पाहिजे होतं. "गावात मला सांड्या म्हणत," ते म्हणाले. "हितं मिस्त्री म्हणत्यात. हात तेच हाईत, नाथा. काम तेच हाय. पर हितं मी मान वर करून चालतो. आता सांग काय होतंय." मी भाकरी खात राहिलो.

विधिमंडळात नामांतराचा ठराव झाल्याची बातमी आली आणि मराठवाड्यात पेटलं. कुठे दलितांच्या वस्त्या जाळल्या, कुठे रस्त्यावर झाडं पाडली, एस.ट्या बंद. त्या दिवशी सकाळी मी दूध घालत होतो तिथे मिस्त्री स्वतः चालत आले. दाढी वाढलेली. "नाथा, मायला काढ. हमरस्त्याकडनं कुणी जाऊ देत नाय. ओढ्यातनं तुझीच गाडी जाती." मी म्हणालो, आणतो. दुपारी रिकामे कॅन परत द्यायला ओढा उतरलो तेव्हा मी गयाबाईला सांगितलं. ती म्हणाली, शेळी कुणाच्या तरी हवाली करते, उद्या सकाळी ये. "उद्या दूध भरायला येतो तव्हा गाठोडं बांधून काठाला बस," मी म्हणालो. "मी आलोच म्हणून समज."

सकाळी उजाडता उजाडता मी ओढ्यावर पोचलो. रात्री पाऊस पडून गेला होता. पाणी चढलं होतं, पण गयाबाईच्या मापाच्या खालीच होतं, मला दिसत होतं. पलीकडे वस्तीच्या जागेवर धूर होता. आणि अलीकडच्या काठावर गावातले पाच-सहा जण उभे होते. अनोळखी कुणी नव्हतं, सगळे माझ्याकडे दूध घालणारेच. काठ्या होत्या, पण काठ्या रोजही असतात. त्यांच्यातला ज्याच्या घरचं दूध सगळ्यात जास्त, तो म्हणाला, "नाथा, आज दूध नाय. माघारी जा."

एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. आवाजही चढवला नाही.

मी काय बोलायचं होतं ते त्यानंतर मी इतक्या वेळा बोलून बघितलंय. दुधाला नाय आलो, गयामायला न्यायला आलो. पाच-सहा शब्द. कदाचित त्यांनी मला मारलं असतं. कदाचित वाटही दिली असती, कारण शेवटी त्यांचं दूध माझ्याच गाडीतून जात होतं. मला काहीच माहीत नाही, कारण मी तोंड उघडलं नाही. आम्ही त्या गावात मूठभर धनगर, उद्या तोंड दाखवायचंय, दूध बंद झालं तर गाडी उभी राहील, असलं सगळं डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. खरं सांगायचं तर मी घाबरलो. गाडी रिव्हर्स घेतली, वळवली आणि घरी आलो. तात्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, पाणी लई होतं. त्यांनी चाकांकडे बघितलं. चाकांवर रस्त्याचा चिखल तसाच होता, ओढ्याच्या पाण्याने धुतलेला नव्हता. ते आत गेले आणि दिवसभर बाहेर आले नाहीत.

गयाबाई तेव्हा घायपाताच्या मागे बसलेली होती. घर पेटल्यावर ती गाठोडं घेऊन तिथे लपली होती, भर पावसात, माझी गाडी येईल म्हणून. संध्याकाळी पोलिसांची गाडी आली तेव्हा तिला बाहेर काढलं आणि शहरात सरकारी दवाखान्यात नेलं. छाती भरली होती.

तिसऱ्या दिवशी रस्ते सुरू झाले तेव्हा मी औरंगाबादला गेलो. वाटेत काय सांगायचं ते जुळवत होतो. पाणी जास्त होतं म्हणावं, तर गाडीची उंची मिस्त्रींनीच बेतलेली, ते दोन प्रश्नांत पकडतील. शेडात पोचलो तेव्हा ते दवाखान्यातून कपडे न्यायला आले होते. मी जे तोंडात आलं ते बोललो. "मिस्त्री, मी निघालो व्हतो. ओढ्याजवळ आलो आन पाटा तुटला. माघारी फिरावं लागलं."

आता, पाटा तुटला हे कुणाला सांगावं याची तरी अक्कल असावी. गाडी दारात उभी, एका बाजूला इंचभरसुद्धा झुकलेली नाही. करीमभाईंनी घण खाली ठेवला. ते मिस्त्रींसाठी इतके संतापलेले मी कधी पाहिले नव्हते. "टूटताच नै," ते म्हणाले. "मेरे हात का घण है उसपे. कौन बोलता टूट्या?"

मिस्त्री माझ्याकडे बघत होते. मग ते गाडीखाली गेले. बराच वेळ तिथेच पडून राहिले, मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. बाहेर येऊन म्हणाले, "टूट गया है, करीमभाई. गाडी जॅकवर घ्या."

त्यांनी कमान खोलली आणि तो लॉरीचा पाटा काढला. तो अखंड होता. मला दिसत होता, करीमभाईंनाही दिसत होता. एरवी काढलेला पाटा ते धाडकन जमिनीवर टाकायचे. त्या दिवशी त्यांनी आधी पोतं अंथरलं आणि दोन्ही हातांनी तो पोत्यावर ठेवला, आवाज होऊ नये म्हणून. भिंतीचा दुसरा पाटा घेतला आणि बसवला. करीमभाई पाठ फिरवून भट्टीपाशी उभे राहिले. मिस्त्रींनी हात पुसलेसुद्धा नाहीत. तसेच दवाखान्यात गेले. मला वाटलं, त्यांनी माझी लाज राखली. मी मान खाली घालून गाडी काढली, आणि मनाच्या एका कोपऱ्यात, सांगायला लाज वाटते, मला हायसं वाटलं.

गयाबाई आठव्या दिवशी गेली. मी मातीला गेलो नाही.

त्यानंतर मिस्त्री माझ्याशी बोलायचे थांबले असते तर बरं झालं असतं. ते थांबले नाहीत. गाडी घेऊन गेलो की रुमाल सोडून बांधायचे आणि विचारायचे, "रस्ता बदलला का काय?" काम चोख करायचे. फक्त बरोबर जेवणं संपलं. गाठोडं देणारं माणूस राहिलं नव्हतं, आणि मी बाहेरून काही आणून खाऊ म्हणायची हिंमत केली नाही. करीमभाई मात्र माझ्या गाडीला पुन्हा कधी हात लावत नसत. मिस्त्री एकटेच घण मारायचे. त्यांच्या हातचा पाटा तुटला ही गोष्ट मोंढ्यात पसरली होती, आणि ती त्यांनी कधी खोडली नाही. लोक चेष्टा करायचे, मिस्त्री हसून घ्यायचे. मला ते ऐकवत नसे.

वर्षं गेली. वाळूजला कारखाने आले, रस्ते झाले, आमच्या ओढ्यावरसुद्धा पूल झाला. माझ्या एका गाडीच्या तीन गाड्या झाल्या. तात्या गेले. रस्ता रुंद करताना मिस्त्रींचं शेड पडलं. करीमभाई त्याच्या आधीच वारले होते. मिस्त्रींचा मुलगा वाळूजला कंपनीत लागला होता, तो त्यांना बजाजनगरला आपल्या खोलीवर घेऊन गेला. भट्टीच्या धुराने छाती निकामी झाली होती. मी वर्षातून एकदा जायचो, दहा मिनिटं बसून उठायचो.

अखेर विद्यापीठाच्या दारावर नवं नाव लागलं, त्या आठवड्यात मी गेलो. ते बाजेवर बसले होते, अंगात धुतलेला सदरा. "पोरानं मोटरसायकलवर नेलतं," म्हणाले. "नाव बघून आलो. डोळं भरून बघितलं." मग म्हणाले, "मायला दाखवायचं व्हतं."

मला पुढे बसवेना. मी म्हणालो, "मिस्त्री, पाटा तुटला नव्हता."

"म्हाईत हाय."

"मी ओढ्यावर आलो व्हतो. काठावर माणसं व्हती. माघारी फिरलो."

"तेबी म्हाईत हाय. माय म्हणली व्हती." त्यांना धाप लागली होती, एकेक वाक्य तोडून बोलत होते. "दवाखान्यात शुद्धीवर आली तव्हा पयलं तेच बोलली. सांडू, नाथाची गाडी आलती. म्या आवाज वळखला. मग माघारी गेली. काहून गेली रं? ताप चढला का तेच. काहून गेली? मी काय सांगणार तिला? तू तिला सोडून गेलास म्हणून सांगू? आन तिसऱ्या दिवशी तू आलास, म्हणलास पाटा तुटला. मला वाटलं, चला, कायतरी घावलं. पर मायपाशी मी जल्मात खोटं बोललो नव्हतो. मग आधी पाटा काढला, दुसरा घातला, आन तसाच उठून गेलो. म्हणलं, माय, त्याचा पाटा तुटला व्हता गं. आत्ताच बदलून आलोय, हे बघ हात."

मी खाली बघत होतो.

"तिनं हात बघितलं माझं. काळंच व्हतं ते. मग तिला पटलं. पुन्हा नाय इचारलं."

"तुम्हाला राग नाही आला माझा?" मी विचारलं. विचारू नये ते विचारलं.

"आला की. हायच अजून," मिस्त्री म्हणाले. "तुझ्यावर जिम्मा टाकला व्हता मी. पर तो राग माझा मला. तिच्यापर्यंत जाऊ दिला नाय." सून चहा घेऊन आली. त्यांनी मला कप पुढे केला आणि स्वतःचा बशीत ओतला. आम्ही चहा प्यायलो. ते त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. या खेपेला मी मातीला गेलो आणि सगळ्यांच्या मागे उभा राहिलो.

पण त्या दिवशी चहा पिऊन निघताना मी दारात थांबून एक विचारलं होतं, ते विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं अजून वाटतं. पाटा तुटल्याचं ऐकल्यावर गयामाय काही म्हणाली का?

"म्हणली ना," मिस्त्री म्हणाले. "म्हणली, मग लेकराला लई तरास झाला आसंल. एवढ्या चिखलात एकटाच व्हता. नीट पोचला का रं घरी?"

ती माझी काळजी करत गेली.